‘पहिले मराठी नाटक’ : तंजावरच्या दरबारातील एक संज्ञा आणि कोशकारांचा वाद

मराठी वाङ्मयकोशासाठी ‘नाटक’ ही नोंद लिहावयास बसलेल्या अभ्यासकापुढे पहिली अडचण उभी राहते ती आरंभाची. सांगली येथे ५ नोव्हेंबर १८४३ रोजी विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ सादर केले, तो मराठी नाटकाचा आरंभ मानावयाचा, की त्याच्या सुमारे दीडशे वर्षे आधी, १६९० च्या सुमारास, तंजावरच्या शाहजीराजे भोसले यांच्या दरबारात रचल्या गेलेल्या ‘लक्ष्मीनारायणकल्याण’ या कृतीला तो मान द्यावयाचा? छापील कोशांच्या काळात असा प्रश्न संपादकाच्या मेजावर मिटत असे आणि वाचकाच्या हाती केवळ निर्णय पडत असे. महाजालावरील खुल्या ज्ञानकोशांत एकाने लिहिलेले वाक्य दुसऱ्यास बदलता येते, त्यामुळे निर्णयाबरोबर वादही वाचकासमोर येतो. हा वाद वरवर पाहता सनावळीचा वाटतो. प्रत्यक्षात तो सनावळीचा नाही. दोन्ही पक्षांना दोन्ही तारखा मान्य आहेत. मतभेद आहे तो ‘नाटक’ या पारिभाषिक संज्ञेच्या अर्थाविषयी, आणि हा अर्थ स्पष्ट न करताच ‘पहिले’ हे विशेषण लावले जाते, ही खरी अडचण आहे.

ज्या कृतींविषयी हा वाद आहे त्यांचे जन्मस्थान असलेला राजवाडा परिसर आजही तंजावूर शहराच्या मध्यभागी उभा आहे. (तमिळमध्ये तंजावूर, मराठीत रूढ झाले ते तंजावर, नावापासूनच दोन भाषांचा संसार सुरू होतो.) वाड्याची मूळ उभारणी नायक राजांची, १६७५-७६ मध्ये व्यंकोजीराजांनी तेथे भोसल्यांची सत्ता स्थापन केली आणि ती १८५५ पर्यंत टिकली. या परिसरातील सरस्वती महाल ग्रंथालयात संस्कृत, तमिळ आणि तेलुगू पोथ्यांच्या शेजारी मराठी हस्तलिखितेही मोठ्या संख्येने आहेत. १९१८ मध्ये हा संग्रह सार्वजनिक झाला आणि पुढे त्यातील काही मराठी नाट्यकृती छापल्याही गेल्या. पण ग्रंथ छापला जाणे आणि तो वाङ्मयेतिहासात रुजणे यांत अंतर असते. महाराष्ट्रातील अभ्यासकाला तंजावर दूर होते, आणि तंजावरच्या अभ्यासकाला ही हस्तलिखिते संगीताच्या व नृत्याच्या इतिहासाची साधने म्हणून अधिक महत्त्वाची वाटत होती. परिणामी ज्यांनी ‘नाटक’ या संज्ञेवर निवाडा दिला त्यांतील अनेकांनी या कृती वाचण्यापेक्षा त्यांच्याविषयी वाचलेले होते.

‘लक्ष्मीनारायणकल्याण’ हे शीर्षकच पाहा. महाराष्ट्रातील विद्यार्थी ‘कल्याण’ म्हणजे मंगल, हित असा अर्थ घेऊन पुढे जातो. तमिळ, तेलुगू व कन्नड या तिन्ही भाषांत ‘कल्याण’ म्हणजे विवाह. लक्ष्मी आणि नारायण यांचा विवाह हा या नाटकाचा विषय आहे आणि शीर्षकातील शब्द दाक्षिणात्य अर्थाने आलेला आहे. शब्द मराठी कोशात सापडतो, अर्थ मात्र शेजारच्या भाषेतून येतो. ‘नाटक’ या संज्ञेचेही नेमके हेच झाले आहे, आणि ‘कल्याण’चा अर्थ जितक्या सहजपणे आपण दुरुस्त करून घेतो तितक्या सहजपणे ‘नाटक’चा करून घेत नाही, कारण तेथे आपला अभिमान गुंतलेला असतो.

भोसल्यांपूर्वी तंजावरच्या नायकांचा दरबार तेलुगू वाङ्मयाचे मोठे केंद्र होता. विजयराघव नायकाच्या काळात तेथे यक्षगान हा प्रकार दरबारी प्रतिष्ठा पावला. रंगाजम्मा या कवयित्रीचे ‘मन्नारुदासविलास’ याच परंपरेतील. येथे यक्षगान म्हणजे कर्नाटकाच्या किनाऱ्यावरील, आज त्याच नावाने प्रसिद्ध असलेला खेळ नव्हे. पदे, गद्य संभाषणे आणि नृत्य यांतून एखादी कथा रंगभूमीवर उलगडणारी ही तेलुगू रचना होती, आणि तिच्यासाठी ‘यक्षगान’ व ‘नाटक’ ही दोन्ही नावे चालत. शाहजीराजांनी स्वतः तेलुगूत अनेक यक्षगाने रचली; ‘पल्लकी सेवा प्रबंधमु’ हे त्यांचे नाव आजही कर्नाटक संगीताच्या अभ्यासकांना परिचित आहे. अशा राजाने मराठीत त्याच घाटाची रचना केली आणि तिला ‘नाटक’ म्हटले, तेव्हा तो भरतमुनींच्या दशरूपकांपैकी प्रख्यात कथावस्तूचे, पाच ते दहा अंकांचे ‘नाटक’ लिहितो आहे असा त्याचा दावा नव्हता. तो आपल्या दरबारात रूढ असलेली संज्ञा वापरत होता. ती संज्ञा त्या जागी पूर्णपणे नेमकी होती.

या कृतींची रचना पाहिली की हे अधिक स्पष्ट होते. सूत्रधाराचे मंगलाचरण, गणपतीचे आगमन, पात्रप्रवेशाची ‘दरू’ नावाची गीते, पदांच्या आरंभी राग व ताल यांचा निर्देश, आणि मध्ये गद्य संभाषणे, असा हा घाट आहे. ‘दरू’ हा शब्द संस्कृत ‘ध्रुवा’शी जोडला जातो. तंजावरजवळच्या मेलट्टूर या गावी नरसिंहजयंतीच्या सुमारास होणाऱ्या भागवतमेळ्यात हाच घाट आजही जिवंत स्वरूपात पाहावयास मिळतो. तेथील नाटके तेलुगू आहेत, वेंकटराम शास्त्री यांची ‘प्रह्लादचरित्र’सारखी नाटके रात्रभर चालतात, प्रारंभी ‘कोणंगी’ नावाचे विनोदी पात्र येते आणि मग मुखवटा घातलेला बालगणपती. तमिळ प्रदेशातील ब्राह्मण कुटुंबे तेलुगू नाटके करतात आणि त्यांना ‘नाटकम्’ म्हणतात. यात त्यांना किंवा त्यांच्या प्रेक्षकांना काही विसंगत वाटत नाही.

आता सांगलीकडे वळू. येथे मराठी नाट्येतिहासातील एक सर्वपरिचित गोष्ट पुन्हा सांगणे भाग आहे, कारण तिचा अर्थ पुरेसा लक्षात घेतला गेलेला नाही. १८४२ मध्ये उत्तर कन्नड जिल्ह्यातील कर्की गावची भागवत मंडळी सांगलीस आली. त्यांचे खेळ पाहून संस्थानाधिपती चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धन यांनी भाव्यांना तसे खेळ मराठीत रचण्यास सांगितले, आणि पुढच्या वर्षी ‘सीतास्वयंवर’ उभे राहिले. भाव्यांच्या खेळाचा क्रम आपल्याला माहीत आहे : सूत्रधाराचे मंगलाचरण, विदूषकाचा प्रवेश, गणपती, मयूरारूढ सरस्वती, आणि मग आख्यान. पद्याचा भार सूत्रधाराकडे असे. पात्रे आयत्या वेळी सुचेल ते बोलत. कोणंगीच्या जागी विदूषक ठेवा, आणि मेलट्टूर व सांगली यांमधले अंतर पुष्कळ कमी होते. कर्कीचे भागवत आणि मेलट्टूरचे भागवत ही एकाच विस्तृत दाक्षिणात्य नाट्यकुलाची दोन घराणी आहेत. म्हणजे ज्या कुलात तंजावरचे मराठी नाटक जन्मले, त्याच कुलाच्या दुसऱ्या शाखेपासून दीडशे वर्षांनी सांगलीच्या नाटकाला प्रेरणा मिळाली. विषयही दोन्हीकडे विवाहाचाच!

ही वस्तुस्थिती मान्य केली म्हणजे तंजावरच्या कृतींविरुद्ध केला जाणारा नेहमीचा युक्तिवाद टिकत नाही. ‘ती नाटके नव्हेत, यक्षगाने आहेत, त्यांत गीत व नृत्य प्रधान, संघर्ष व स्वभावचित्रण नाही’ असे म्हटले जाते. हे लक्षण लावावयाचे ठरविले तर ‘सीतास्वयंवर’ही बाहेर पडते, इतकेच नव्हे तर ते आधी बाहेर पडते. तंजावरच्या नाटकांत पात्रांची संभाषणे लिहिलेली आहेत. भाव्यांच्या खेळांत ती लिहिलेली नव्हती. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘नाट्यकवितासंग्रह’ नावाप्रमाणेच पद्यांचा संग्रह आहे. पुढे या पौराणिक खेळांतील राक्षसांच्या आरडाओरडीवरून त्यांना ‘अललडुर्र’ नाटके असे उपहासाने म्हटले गेले, आणि शिक्षित वर्गाने त्यांच्याहून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी छापील संहितेवरून बसविलेल्या नाटकांना ‘बुकिश’ हे नाव दिले. विनायक जनार्दन कीर्तने यांचे ‘थोरले माधवराव पेशवे’ (१८६१) हे या वर्गातील. त्या पिढीच्या दृष्टीने खरे नाटक बुकिश होते आणि भाव्यांचा होता तो ‘खेळ’. आज आपण त्याच खेळापासून नाटकाचा आरंभ मोजतो. संज्ञेचा अर्थ दोन पिढ्यांत किती फिरला हे यावरून दिसावे.

अर्थात भाव्यांच्या बाजूने एक बळकट युक्तिवाद आहे, आणि तो साहित्यप्रकाराचा नाही. तो परंपरेचा आहे. सांगलीच्या प्रयोगानंतर भाव्यांची मंडळी गावोगाव हिंडली, १८५३ मध्ये मुंबईस गेली, तिकीट लावून प्रयोग झाले, तिच्या अनुकरणाने दुसऱ्या मंडळ्या निघाल्या, आणि त्या मंडळ्यांच्या वातावरणातूनच, त्यांना मागे टाकीत, अण्णासाहेब किर्लोस्करांचे ‘संगीत शाकुंतल’ १८८० मध्ये पुण्यात अवतरले. तंजावरच्या नाटकांना असा वंशविस्तार लाभला नाही. प्रतापसिंहांनी अठराव्या शतकात पुष्कळ मराठी नाटके रचली, दुसऱ्या सरफोजींपर्यंत ही रचना चालू राहिली, परंतु तिचा प्रेक्षक दरबार आणि देवालय यांच्या परिघातच राहिला. महाराष्ट्रातील रंगभूमीला तिची वार्ता नव्हती. भाव्यांनी तंजावरचे नाटक पाहिले वा ऐकले होते असे मानण्यास आधार नाही. तेव्हा ‘मराठी रंगभूमीचे जनक’ ही भाव्यांची पदवी यथार्थ आहे. रंगभूमी म्हणजे नट, प्रेक्षक, मंडळी, व्यवसाय आणि अनुकरण यांची साखळी. तिचा पहिला दुवा सांगलीतच आहे. ५ नोव्हेंबरला ‘रंगभूमी दिन’ म्हणतात, ‘नाटक दिन’ म्हणत नाहीत, ही योजना हेतुपूर्वक झाली असो वा नसो, अचूक आहे. ‘रंगभूमी’साठी खरे असलेले विधान ‘नाटक’ या शब्दावर लादले की घोटाळा सुरू होतो.

तिसरा एक दावा या वादात १९७९ नंतर आला. महात्मा फुले यांनी १८५५ मध्ये लिहिलेले ‘तृतीय रत्न’ त्या वर्षी प्रसिद्ध झाले, आणि पौराणिक आख्यानांशी संबंध नसलेले, समकालीन शेतकरी कुटुंबाची भट-पुरोहिताकडून होणारी लुबाडणूक दाखविणारे हे नाटक पहिले का मानू नये, असा प्रश्न विचारला गेला. प्रश्न योग्य आहे. मात्र येथे ‘नाटक’चा अर्थ आणखी बदललेला असतो : लेखकाची स्वतंत्र कथावस्तू, समकालीन समाज, गद्य संवाद. या अर्थी ‘तृतीय रत्न’चा दावा ‘थोरले माधवराव पेशवे’पेक्षा आधीचा आणि माझ्या मते अधिक भक्कम आहे. परंतु या तीन दाव्यांची एका रांगेत तुलना करणे म्हणजे तीन निरनिराळ्या मापांनी मोजलेल्या वस्तूंची लांबी ताडून पाहण्यासारखे आहे.

तंजावरपक्षीय अभ्यासकांची बाजू घेताना मला त्यांच्याशीही एक भांडण करावयाचे आहे. ‘मराठी नाटकाचा इतिहास दीडशे वर्षे मागे गेला’ हे वाक्य अनेकदा आनंदाने लिहिले जाते. मागे नेलेल्या या दीडशे वर्षांत काय होते, हे विचारण्याचे कष्ट मात्र फारसे घेतले जात नाहीत. शाहजींच्या नाटकाचा घाट तेलुगू आहे, त्यातील संगीत पुढे कर्नाटक संगीत म्हणून ओळखल्या गेलेल्या परंपरेतील आहे, त्यातील भक्ती तमिळ भूमीवरील, तिरुवारूरच्या त्यागेशाच्या सान्निध्यातील आहे. ‘पंचभाषाविलास’ या त्यांच्या कृतीत संस्कृत, तमिळ, तेलुगू, मराठी आणि हिंदी अशा पाच भाषा बोलल्या जातात. हे ‘मराठी नाटक’ आहे काय? तमिळ नाट्येतिहासकार त्यावर हक्क सांगू शकतो, तेलुगू इतिहासकार तर अधिकच. म्हणजे वाद केवळ ‘नाटक’ या नामाचा राहत नाही, ‘मराठी’ या विशेषणाचाही होतो. ज्येष्ठतेचा मान हवा, पण त्याबरोबर येणारे शेजाऱ्याचे ऋण नको, ही वृत्ती कोशकाराला शोभत नाही. तंजावरच्या दरबाराला स्वतःला असा संकोच नव्हता. दुसऱ्या सरफोजींनी १८०३ मध्ये भोसले वंशाचा इतिहास मराठीत कोरविला तो चोळांच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर, चोळांच्या तमिळ शिलालेखांच्या सोबतीला.

‘नाटक’ ही एकटीच संज्ञा अशी प्रवासी असती तर तिच्यासाठी अपवादाची एखादी टीप पुरली असती. तंजावरच्या वाङ्मयात असे शब्द पदोपदी भेटतात. ‘निरूपण’ हे त्याचे सर्वांत बोलके उदाहरण. महाराष्ट्रात निरूपण म्हणजे कीर्तनात वा प्रवचनात केलेले विवरण. अभंग घ्यावा आणि त्याचा अर्थ उलगडावा, हे निरूपण. सरफोजींच्या दरबारात मात्र ‘निरूपण’ हे नृत्यप्रयोगाच्या एका रचनेचे नाव झाले. एक कथा घेऊन शब्द, वर्ण, पद, स्वरजती, तिल्लाणा, मंगल अशा क्रमाने नृत्याची अंगे एका सूत्रात ओवावयाची, आणि त्या संपूर्ण मालिकेस निरूपण म्हणावयाचे. ग्रंथालयाने प्रकाशित केलेल्या ‘कोर्व्यांचे साहित्याचे जिन्नस’ या संग्रहात या मराठी रचना पाहता येतात. ‘जिन्नस’ हा शब्दही पाहण्यासारखा आहे : आपल्याकडे वाण्याच्या दुकानात राहिलेला हा शब्द तंजावरात नृत्याच्या घटकासाठी योजला गेला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रीय कीर्तनकारांच्या प्रभावाने तंजावरात कीर्तनाचे नवे रूप घडले. कृष्ण भागवतरांनी त्याला हरिकथेचा आकार दिला. त्यात साकी, दिंडी, ओवी, अभंग ही मराठी वृत्ते तमिळ श्रोत्यांपर्यंत पोचली, आणि ‘निरूपणम्’ हा शब्द एखाद्या कथेसाठी जुळविलेल्या पद्यसंहितेचे नाव बनला. एका शब्दाचे हे तीन अर्थ. तिन्ही पारिभाषिक, तिन्ही आपापल्या मंडळीत निःसंदिग्ध. यांतील कोणता ‘खरा’ असे विचारणारा संपादक शब्दाला न्याय देत नाही. पहिला अर्थ मूळचा आहे एवढे सांगता येईल. मूळचा म्हणून तोच एक, असे म्हणता येणार नाही.

कोशशास्त्राच्या भाषेत सांगावयाचे तर ‘नाटक’ या नोंदीत दोन कामांची सरमिसळ झाली आहे. एक काम व्याख्येचे : अव्याप्ती आणि अतिव्याप्ती हे दोष टाळून व्यवच्छेदक लक्षण सांगणे. दुसरे प्रयोगनोंदीचे : हा शब्द कोणी, कोठे, केव्हा, कशासाठी वापरला ते सांगणे. मोल्सवर्थपासून दाते-कर्वे यांच्या ‘महाराष्ट्र शब्दकोशा’पर्यंत शब्दकोशकारांनी एका शब्दाखाली अनेक अर्थ देण्याची शिस्त पाळली. केतकरांच्या ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोशा’पासून विश्वकोशाची परंपरा सुरू झाली, तेथे नोंदीचा घटक शब्द नसून विषय असतो, आणि विषयाला एकच व्याख्या व एकच आरंभ असावा अशी अपेक्षा निर्माण होते. ‘पहिले कोणते?’ हा प्रश्न विश्वकोशाच्या या स्वभावातून उपजला आहे. शाहजीराजांना वा भाव्यांना तो पडला असण्याचे कारण नाही. म्हणून नोंदीत प्रथम प्रयोग द्यावेत, तंजावर दरबारातील ‘नाटक’, सांगलीचा ‘खेळ’, फुल्यांचे आणि बुकिश काळाचे ‘नाटक’ यांची लक्षणे व परस्परसंबंध सांगावेत, आणि ‘पहिले’ हा शब्द वापरावयाचाच असेल तर त्याच वाक्यात ‘कोणत्या अर्थी’ ते लिहावे. असे केल्याने नोंद चार ओळींनी लांबेल. परीक्षेत ‘पहिले मराठी नाटक कोणते?’ असा एका गुणाचा प्रश्न घालणाऱ्यांची थोडी गैरसोय होईल, ती होऊ द्यावी.

हा आग्रह धरण्यामागे केवळ काटेकोरपणाची हौस नाही. नोंद जशी लिहिली जाते तसे संशोधन पुढे जाते. तंजावरची नाटके ‘नाटके नव्हेत’ असे एकदा ठरले की मराठीचा विद्यार्थी ती वाचत नाही, आणि ती नृत्य-संगीताच्या अभ्यासकासाठी उरतात, ज्याला त्यांतील मराठी वाचण्याची तयारी क्वचितच असते. दुसऱ्या सरफोजींच्या ‘देवेंद्र कोरवंजी’चे उदाहरण घ्या. कोरवंजी हा तमिळ नाट्यप्रकार. कुरव जमातीची भविष्य सांगणारी स्त्री त्यात नायिकेचा हात पाहते आणि आपल्या डोंगरांचे, देशांचे वर्णन करते. खुद्द सरफोजींवर तमिळमध्ये ‘सरभेंद्र भूपाल कुरवंजी’ रचली गेली होती. या राजाने तोच प्रकार मराठीत आणला आणि कोरवंजीच्या तोंडी पृथ्वीचा भूगोल घातला. श्वार्ट्झ या जर्मन धर्मोपदेशकाच्या देखरेखीखाली शिकलेल्या, युरोपीय विद्यांचे ग्रंथ जमविणाऱ्या राजाला नव्या भूगोलाचे ज्ञान आपल्या लोकांना द्यावयाचे होते, आणि त्यासाठी त्याला पाठ्यपुस्तकापेक्षा हात पाहणारी कुरव स्त्री जवळची वाटली. डोंगरांची नावे सांगण्याची कोरवंजीची जुनी लकब खंडांची आणि देशांची नावे सांगण्यास किती सहज उपयोगी पडली आहे! एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी मराठीत नवे ज्ञान आणण्याचे जे प्रयत्न झाले त्यांच्या इतिहासात या कृतीला जागा हवी. मराठी नाटकाच्या इतिहासातही हवी. सध्या ती दोन्ही ठिकाणी तळटीपेत आहे.

या कृतींचे पुनर्वाचन करावयाचे तर ते एकट्या मराठी अभ्यासकाच्या आवाक्यातले नाही. रागतालांचे निर्देश, दरूंची रचना, तमिळ व तेलुगू शब्दांनी भरलेली तंजावरी मराठी, यांसाठी मेलट्टूरची परंपरा जाणणारा, तेलुगू यक्षगाने वाचलेला सहकारी शेजारी बसावा लागेल. हस्तलिखिते राजवाड्यात आहेत, आणि मेलट्टूर तेथून दूर नाही.